गटाराकाठचा छत्रीवाला

३ फेब्रुवारी

ताई,

पत्र लिहायचं मी पुढे ढकलत होतो, हे आधीच कबूल करून टाकतो. रोज सकाळी ठरवायचो, आज ताईला लिहू. मग पेन सापडायचं नाही. पेन सापडलं की कागद नसायचा, आणि कागद सापडलाच तर त्याच्या पाठीवर काहीतरी छापलेलं असायचं, ते वाचत बसायचो. खरं कारण वेगळं आहे. मी कुठे आहे हे कळलं की तू भडकणार. तर भडक. मी काकांकडे आहे. आपल्याच. घड्याळजी काका, बाबांचे थोरले भाऊ, ज्यांचा विषय निघाला की बाबा रेडिओचा आवाज वाढवतात.

बेकरीतलं काम सुटलं. सुटलं म्हणजे मीच सोडलं, भट्टीवाल्याला माझ्या शिट्ट्यांचा त्रास व्हायचा. मग एका ट्रकवाल्याबरोबर निघालो, त्याने इथे उतरवलं, आणि रात्रीपुरतं टेकावं म्हणून मी काकांचं दार वाजवलं. डोळ्याला भिंग लावलेलंच होतं, त्या भिंगातूनच त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नाक तुझ्या बापाचं आहे," म्हणाले. "बाकीचं काही कामाचं आहे का बघू." रात्रीपुरता आलेला मी अजून इथेच आहे.

फोन कर म्हणशील. माझा ट्रकमध्येच राहिला. काकांकडचा त्यांनी स्वतःच्या हाताने कापला, कारण त्याच्या वायरीतली केसाएवढी तांब्याची तार त्यांना विजेच्या खांबांवर ताणायला हवी होती. खांब कसले, ते आता ऐक, आणि बसून ऐक.

वरच्या खोलीत दोन दारांएवढं टेबल आहे आणि त्यावर खेळण्यातली आगगाडी. खेळण्यातली म्हटलेलं त्यांना चालत नाही. रूळ गोल फिरतात आणि त्या गोलाच्या आत आपली जुनी गल्ली आहे. रेल्वेचं यार्ड वाढवायला पाडली ती. घरं, नळ, गटार, सायकलच्या दुकानावर टांगलेले टायर, सगळं नखाएवढं. सत्तरीचा माणूस. गावातली निम्मी घड्याळं याच्या टेबलावर बंद पडून आहेत, आणि हा वर बसून गवत पिकवतोय. गवत म्हणजे लाकडाचा भुसा, हिरव्या रंगात भिजवून वर्तमानपत्रावर वाळवलेला. झाडं म्हणजे रानातली वाळकी काटकी, तिला गोंदात बुडवून भुशात लोळवायची. रुळांखालची खडी म्हणजे चहाच्या गाळणीने गाळलेली वाळू. ती चमच्याने पसरायची, वर साबणाचा थेंब टाकलेलं पाणी फवारायचं, साबण नसेल तर गोंद वाळूवर गोळा होऊन बसतो, आणि मग ड्रॉपरने पातळ गोंद सोडायचा. हे सगळं मला येतं आता. सांगतानाही लाज वाटते. बारावी दोनदा नापास झालेल्या माणसाला दुनियेने शेवटी हेच शिकवलं.

१ मार्चच्या रविवारी गल्लीतली जुनी मंडळी हे बघायला येणार आहेत, म्हणून काका माझ्यावर सतत डाफरत असतात. परवा त्यांनी माझ्याकडून एक माणूस करून घेतला. तारेचा सांगाडा, वर पुट्टीचा लेप, उंची बोटाच्या पेराएवढी. "ढेरी वाढव." वाढवली. "अजून." वाढवली. "मान खाली, गुन्हेगारासारखी. काखेत छत्री दे. उन्हाला घाबरणारा माणूस आहे." मग तो गटाराच्या काठावर, सगळ्या गल्लीकडे पाठ करून उभा करायला लावला. मी विचारलं, कोण हा? म्हणाले, "आहे एक दगड." एवढा वेळ तर त्यांनी देवळावर... नाही, देऊळ नाहीच गल्लीत, मी काय लिहीत होतो? हां. एवढा वेळ त्यांनी आख्ख्या शिंप्याच्या दुकानावर घालवला नाही.

शिंप्यावरून आठवलं. त्याच्या माडीचा जिना कोणत्या बाजूला होता? काकांना आठवत नाही, आणि ते मेले तरी बाबांना विचारणार नाहीत. मी तेव्हा पाळण्यात होतो. तुला आठवत असेल तर कळव. बाबांना मी इथे आहे हे सांगू नकोस.

भोवरा

८ फेब्रुवारी

भोवऱ्या,

तुझं पत्र औषधांच्या दुकानात, काउंटरखाली धरून वाचलं. मालकाला वाटलं मी रडतेय. मी दात खात होते.

तुला अक्कल कमी आहे हे जगजाहीर आहे, पण इतकी? ढेरी, काखेत छत्री, उन्हाला घाबरणारा. अरे, ज्या माणसाने तुला खांद्यावर बसवून फिरवलं, तो तुला पेराएवढा करून हातात दिला तरी ओळखता येत नाही? ते बाबा आहेत. तू स्वतःच्या हाताने आपल्या बापाची ढेरी वाढवत बसला होतास.

तुला कोणी सांगितलं नाही म्हणून सांगते. गल्ली पाडली तेव्हा बाबा बांधकाम खात्यात सुपरवायझर होते. यार्ड त्यांनी मागितलं नव्हतं, नोटीस त्यांनी काढली नव्हती. त्यांना फक्त हातात कागद देऊन तिथे उभं केलं होतं. काका दारात खुर्ची टाकून बसले, उठेनात. शेवटी बाबांनी माणसं बोलावली आणि त्यांना खुर्चीसकट उचलून रस्त्यावर ठेवलं. सगळ्या गल्लीसमोर. काका त्या खुर्चीतूनच म्हणाले, "हा माझा भाऊ नाही, दगड आहे." मी तिथे होते, माझी बाहुली घरात राहिली म्हणून रडत होते. त्यानंतर दोघं बोलले नाहीत. माणसं म्हणून दोघांचीही कीव करावी इतकी त्यांची लायकी नाही, पण तो पुतळा तिथे राहता कामा नये. सायकलवाला आणि दोघंतिघं जुने शेजारी, एवढीच माणसं बाबांकडे अजून येतात, शनिवारी पत्ते खेळायला. ती त्या रविवारी काकांच्या टेबलाभोवती उभी राहून गटाराकाठच्या ढेरीवर हसली, की पुढच्या शनिवारी बाबांना त्यांच्यासमोर पत्ते पिसता येतील का? ते लोक येतील, हसू दाबतील, आणि हळूहळू यायचे बंद होतील. मग उरते मी आणि रेडिओ. तेव्हा तो माणूस काढ.

जिना मला आठवत नाही. मी बाबांना सहज विचारलं, दुकानात पैज लागलीय म्हणून. म्हणाले, "डाव्या हाताला. सगळ्यात खालची पायरी तुटलेली. कोण मूर्ख पैज लावतो असली?" मग आंघोळीला गेले आणि आतून ओरडले, "कठडा लोखंडी नव्हता म्हणावं, बांबूचा होता."

पत्र आवरतं घेते. अंगठा ठणकतोय. गॅलरीच्या दाराला अडसर म्हणून बाबा ती अर्धी वीट ठेवतात, काल तिच्यावर मी परत ठेचकाळले. कितीदा सांगितलं, दाराला हुक बसवू. म्हणतात, वीट आहे की. या घरात एक माणूस सरळ डोक्याचा नाही.

ताई

१२ फेब्रुवारी

ताई,

म्हणूनच ती ढेरी माझ्या हाताला इतकी सहज जमत होती. जाऊ दे. त्या माणसाला काढायला गेलो होतो. पण मी त्याला साध्या गोंदाने नाही, त्या क्षणात धरणाऱ्या गोंदाने चिकटवला होता, ज्याने माझी दोन बोटं एकदा दिवसभर एकमेकांशी बांधली होती. ओढला तर गटारच उचललं जायला लागलं, आणि गटार करायला मला किती त्रास झालाय. तळाला चकचकीत वार्निशाचे थर द्यावे लागतात, मध्ये मध्ये काळा रंग, म्हणजे पाणी साचल्यासारखं दिसतं. घाण बनवायला इतके कष्ट लागतात हे मला माहीत नव्हतं. खरी घाण बघ कशी फुकट होते.

आणि मी थोडा विचारही केला. तुझा राग समजतो, पण मला दोघंही सारखेच दिसतात. एक जण भावाला खुर्चीसकट उचलतो, दुसरा त्याला गटारात उभा करतो, आणि दोघंही दुसऱ्यालाच दगड समजतात. तुम्ही सगळे आपापल्या घरी बसून हे करता. मी निदान दुसऱ्या गावी जाऊन वाया जातो.

जिना मात्र केला. डाव्या हाताला, खालची पायरी तुटकी, कठडा म्हणून झाडूच्या काड्या. काकांनी भिंग लावून तो इतका वेळ पाहिला की मला वाटलं झोप लागली. "तुटकी पायरी तुला कोणी सांगितली?" मी म्हटलं, ताईला आठवत होती. "ती केवढी होती तेव्हा?" मी म्हटलं, सात-आठ वर्षांची. "आणि तिला कठडाही आठवतो?" मी म्हटलं, तिची स्मरणशक्ती दांडगी आहे. त्यांनी भिंग कपाळावर सरकवलं. मग म्हणाले, "दांडगी आहे खरी." ताई, तुझं इतकं कौतुक त्यांच्या तोंडून ऐकून मलाही बरं वाटलं.

आता तर ते तुलाच प्रश्न पाठवायला सांगतात. वखारीचं दार निळं होतं ना? नळावर कठडा होता की नुसता दगड? सायकलवाल्याच्या दुकानाला पत्रा होता की कौलं? प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी म्हणतात, "विचार तुझ्या त्या दांडग्या ताईला, नाहीतर ती पण थापाडी निघायची." आणि शेवटचा प्रश्न त्यांनी माझ्याकडे न बघता विचारला. गल्लीच्या टोकाला रुळांच्या बाजूची भिंत होती, तिला एक भोक होतं. ते किती उंचीवर होतं?

शेवाळं मी बाथरूमच्या मागच्या भिंतीवरून खरवडून आणतो. वाळवलं की हुबेहूब झुडुपं होतात. तिथे एक गोगलगाय होती, तिच्यामागे दुपार गेली.

भोवरा

१६ फेब्रुवारी

भोवऱ्या,

माझी स्मरणशक्ती. तू जन्मभर असाच राहणार आहेस, मी आता आशा सोडली. अरे, तुटकी पायरी आणि बांबूचा कठडा त्या घड्याळवाल्याला सांगू शकणारा माणूस जगात एकच आहे, हे त्याला पहिल्या दिवशी कळलं. तुला अजून कळलेलं नाही. तो मला नाही विचारत. तू पोस्टमन आहेस, तोही झोपलेला.

आणि बाबांनाही कळलंय. पैजेचं खोटं दुसऱ्या प्रश्नालाच फुटलं. "निळं दार?" म्हणाले. "हिरवं होतं. निळं त्याला वाटतं, कारण त्याला हिरव्यातलं निळ्यातलं कधी कळलं नाही, शाळेत चित्रकलेत मार खायचा." कोण, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. नळावर नुसता दगड. दुकानाला पत्रा, आणि पत्र्यावर जुनी चाकं. ते आता रोज दाढी करतात आणि पोस्टमनच्या वेळेला गॅलरीत उभे राहतात. काल मी घरी आले तर हातात छत्री घेऊन हॉलमध्ये पावलं मोजत होते. मला बघून म्हणाले, व्यायाम.

भोकाचं विचारल्यावर मात्र छत्री खाली ठेवली. मग म्हणाले, "भोक नव्हतं. वीट होती. हलायची. ती काढली की रूळ दिसायचे, गाडी आली की नुसती चाकंच चाकं. एका वेळी एकाच डोळ्याला जागा. मोठा आधी बघायचा, मग धाकटा. तोवर गाडी गेलेली असायची." छातीच्या उंचीवर. मोठ्याच्या छातीच्या.

आता खरी पंचाईत ऐक. शनिवारी सायकलवाल्याने पत्ते वाटता वाटता सांगून टाकलं, "तुझ्या भावाने म्हणे तुझाही पुतळा बसवलाय." त्याने कुणाकडून तरी उडतं ऐकलेलं, गटाराचं त्याला माहीत नाही. बाबांनी पत्त्यांतून डोकं वर काढलं नाही. पण सगळे गेल्यावर मला विचारतात, "छत्री दाखवलीय का?" मी म्हटलं, मला काय माहीत. म्हणाले, "दाखवली असेल. माझी छत्री त्याला आवडायची नाही." आणि हसले. भोवऱ्या, ते खूश आहेत. त्यांना वाटतंय थोरल्या भावाने त्यांना मान दिलाय.

तो माणूस काढ. गटारासकट उखडायला लागला तरी काढ. एवढं एक काम तुझ्या हातून पूर्ण होऊ दे.

ताई

२० फेब्रुवारी

ताई,

तू म्हणालीस म्हणून नाही, पण उखडला. काका जेवायला खाली गेले असताना पकडीने धरून ओढला. माणूस आला, पावलं गटारातच राहिली. ते बघत मी उभा आणि मागून काका. आता फेकतात जिन्यावरून, असं वाटलं. त्यांनी पावलांकडे पाहिलं, माझ्या हातातल्या ढेरीकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुझ्या ताईचं उत्तर आलं का भिंतीचं?"

मी तुझं पत्र वाचून दाखवलं. सगळं नाही, मला शिव्या घातल्यात त्या गाळल्या. मोठा आधी बघायचा, इथपर्यंत आलो तर त्यांनी हातातला चिमटा टेबलावर आपटला. "खोटं. साफ खोटं. धाकटाच आधी बघायचा. ढोपरं मारून पुढे घुसायचा. मी आयुष्यात एक आख्खी गाडी त्या भिंतीतून बघितलेली नाही." मग दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत, जसं काही मीच घुसायचो.

दुसऱ्या दिवशी भिंत बांधायला घेतली. एकेक वीट तांदळाच्या दाण्याहून लहान, पुठ्ठ्याची, आणि त्यातली एक सुटी. ढेरीवाल्याला नवी पावलं दिली. ढेरी कमी करू का म्हटलं, तर म्हणाले, "राहू दे. खोटं कशाला दाखवायचं?" आणि स्वतःचाही एक माणूस केला, कपाळावर भिंग, पाठीला पोक. म्हणजे आता दोन म्हातारे भिंतीला डोळा लावायला उभे राहणार. पोरं तरी करा म्हटलं. म्हणाले, "पोरं कोणी पाहिलीत?" याचा अर्थ काय हे तूच सांग, मला वेडेपणाचा अर्थ लावायचा पगार मिळत नाही.

आणि मग माझ्या हातून घोळ झाला. खऱ्या गल्लीत रूळ सरळ होते. टेबलावर सरळ जायला जागा नाही म्हणून तिथे वळण आहे. भिंत किती जवळ चालेल हे मी इंजिन आणि मालगाडीचे आखूड डबे फिरवून पाहिलं. लांब डबा फिरवायला विसरलो. लांब डबा वळणावर पोटाने आत येतो. काकांनी प्रवासी गाडी सोडली, पहिल्याच डब्याचं पोट भिंतीला घासलं आणि आख्खी भिंत ढेरीवाल्याच्या अंगावर. ते खो खो हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं, दातांवरून लक्षात आलं. भिंत उभी केली, परत गाडी सोडली, परत पडली. या वेळी ते हसले नाहीत. तिसऱ्यांदा गाडी सोडली नाही.

मी म्हटलं, सोपं आहे, भिंत आणि दोघं म्हातारे नखभर मागे घेऊ. तर म्हणतात, "भिंत होती तिथेच राहील. रूळ सरकव."

ताई, त्या रुळाची खडी मी दाणा दाणा लावली होती. आता कोमट पाणी ओतून तो गोंद मऊ करायचा, चमच्याने खरवडायचा, रूळ उचलायचे, वळणाची सुरुवात पार मालधक्क्यापासून बदलायची. रविवार डोक्यावर आलाय आणि वरची खोली चिखल झालीय. सगळं कशासाठी, तर पेराएवढ्या माणसाच्या अंगावर पुठ्ठ्याची भिंत पडू नये म्हणून. ज्याला ते कालपर्यंत गटारात उभा करत होते. अशा माणसाबरोबर मी राहतोय. निघून जाईन म्हणतो, पण खडी ओली आहे, अर्धवट सोडली तर कडक होऊन बसेल.

आधी कोण बघायचं ते बाबांना नीट विचार. काका म्हणतात, ते ठरल्याशिवाय दोघांना चिकटवायचं नाही.

भोवरा

२४ फेब्रुवारी

भोवऱ्या,

तुझं पत्र मी या वेळी बाबांसमोरच ठेवलं. लपवायला आता उरलंय काय. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, गटाराचं, पावलांचं, ढेरीचंसुद्धा. मी स्वयंपाकघरात उभी राहून त्यांचं तोंड बघत होते. गटाराचं वाचून पान उलटलं. भिंत पडली तिथे आले आणि परत वर जाऊन वाचलं. मग, "रूळ सरकवले?" मी म्हटलं, तसं लिहिलंय. "मूर्ख आहे. भिंत मागे घ्यायची साधी गोष्ट." आणि कागद घडी करून खिशात टाकला. माझं पत्र, त्यांच्या खिशात.

आधी कोण, यावर मात्र घर डोक्यावर घेतलं. "मी आधी? मी घुसायचो? मग माझा डावा कान कोण पिरगाळायचं? अजून थंडीत दुखतो. त्याला सांग, तोंडावर सांगीन म्हणावं." मी म्हटलं, मग सांगा जाऊन, रविवार आहेच. तर रेडिओ लावला. "मला कोणी बोलावलंय?" बोलावलेलं नाही, हे खरं आहे. त्या घड्याळवाल्याला दोन ओळींचं बोलावणं लिहिता येत नाही, पण तांदळाएवढ्या विटा करता येतात. आणि याला बोलावल्याशिवाय जाता येत नाही, पण हॉलमध्ये पावलं मोजता येतात. मी दोघांमध्ये पत्रं टाकून दमले. मला दुकान आहे, दुकानात माणसं खरोखर आजारी असतात.

रविवारी शेजारी काय म्हणतील ते म्हणोत. निदान गटारातून निघाले, एवढं तुझ्या हातून झालं. ढेरीचं मी समजून घेते, ती आहेच.

ताई

२८ फेब्रुवारी, शनिवार

ताई,

हे पत्र पोचेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल, त्यामुळे याचा उपयोग शून्य आहे. पण कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, आणि घरात मी एकटा आहे.

एकटा, कारण काका सकाळी निघून गेले. तुझं पत्र काल आलं. "तोंडावर सांगीन" हे मी मुद्दाम मोठ्याने वाचलं, थोडी मजा बघावी म्हणून. ते म्हणाले, "सांगेल. टेबलावर चढून सांगेल. कान मी एकदाच पिरगाळला होता." आज सकाळी उठतो तर हे इस्त्रीचा शर्ट घालून तयार. दोन्ही म्हातारे कापसात गुंडाळून काड्यापेटीत ठेवलेले, काड्यापेटी वरच्या खिशात. विचारलं, कुठे? म्हणाले, "त्याच्याकडे. समोर उभा करून विचारतो, कोण आधी बघायचं. उगाच चुकीचं चिकटवायचं आणि मंडळींनी हसायचं." मी म्हटलं, उद्या लोक येणार आहेत. म्हणाले, "उद्या ना? आज संध्याकाळी परत येतो." आणि पहिल्या गाडीने गेले. इतकी वर्षं वरच्या खोलीत गाडी गोल गोल फिरवणारा माणूस खऱ्या गाडीत बसायला निघाला, आणि तिकीट कुठे काढतात ते मला विचारतोय.

म्हणजे आत्ता तुझ्या दारात असतील. चहात साखर कमी, आणि ओरडू नकोस, ऐकू कमी येतं, त्यांना वाटतं सगळे ओरडतातच.

मी रूळ पुसले, गाडी फिरवून पाहिली. लांब डबा भिंतीजवळून जातो आणि मध्ये केसभर जागा राहते. मी वाकून त्या सुट्या विटेच्या जागेतून बघितलं. खरंच नुसती चाकं दिसतात. एवढ्यासाठी कान पिरगाळून घेणारे लोक आपले वाडवडील आहेत, हे कोणाला सांगायचं? तरी मी दोन-तीन फेऱ्या बघितल्या. तिथून बघताना गाडी मोठी वाटते. कोणत्या उंचीवर डोळा ठेवतो त्यावर असतं बहुतेक. वखारीचं दार हिरवं केलंय, काकांना ते अजून निळंच दिसतं.

इथपर्यंत लिहिलं आणि खालचं दार वाजलं. मला वाटलं मंडळी एक दिवस आधीच टपकली. उघडलं.

ताई, बाबा आहेत. काखेत छत्री. घामाघूम. मला बघून त्यांना काहीच वाटलं नाही, नाक माझं त्यांचंच आहे म्हणून असेल. "दादा आहे का?" म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, क्षणभर कळेना कोण दादा. मी म्हटलं, ते तुमच्याकडे गेलेत. "माझ्याकडे? कशाला?" मी म्हटलं, भांडायला. ते उंबऱ्यातच उभे राहिले. "मूर्ख," म्हणाले, "कळवायचं तरी." स्वतः कळवून आल्यासारखे.

आता वर गेलेत. एकेक पायरी बघून चढतायत, जणू इथलीही तुटकी असेल. त्यांच्या हातातली पिशवी मी घ्यायला गेलो तर देईनात, आणि भलतीच जड दिसते. तिच्या फाटक्या कोपऱ्यातून मला दिसली. तीच, अर्धी वीट. काकांना संध्याकाळपर्यंत परत पाठव, शेवटच्या गाडीत बसवून दे, आणि तोवर तुझ्या गॅलरीचं दार आपटत असेल तर आपटू दे.

भोवरा